पावणेसहाची खिडकी

माझ्या काकूचा मला बरीच वर्षं राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. फार चांगल्या माणसांचा येतो तसा. पहाटे उठून कामाला लागायची, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, आणि सव्वीस वर्षांत एक रात्रसुद्धा घराबाहेर झोपली नाही. गावातले लोक हे कौतुकानं सांगायचे. मला वाटायचं, यात कौतुक कसलं? खुंटीला टांगलेला कोटही घराबाहेर झोपत नाही.

गाव एवढंसं. एक रस्ता, चाळीसेक घरं, वर कुरणं आणि खाली नदी. कुणी ओळखत असेल तर ते चीजमुळे. बाहेरगावी गावाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस तुम्ही कसे आहात हे विचारायच्या आधी चीज कसं आहे हे विचारतो. चीज करणारी घरं अकरा. त्यांतलं एक माझ्या काकांचं. मी त्यांची पुतणी, गावातल्या पोस्टात कामाला. पोस्ट म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि मी. सकाळी आठला उघडायचं, त्याआधी काकांकडे चहा प्यायचा, हा माझा नेम होता, त्यामुळे मी जे सांगतेय त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. उरलेलं काकूनं सांगितलं, आणि काकूला तिखटमीठ लावता येत नाही.

तिला गावानं नाव ठेवलं होतं ‘पावणेसहा’. कारण पावणेसहाला तिच्या चीजघराची खिडकी उघडायची, वाफ बाहेर जावी म्हणून. उन्हाळा असो, बर्फ पडलेलं असो, खिडकीची कडी खाड्‌कन वाजायची आणि समोरचा बेकरीवाला आपलं घड्याळ लावायचा. “पावणेसहा आली बघ,” असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे आणि ती हसायची.

ही खिडकी का चुकत नव्हती ते कळायला आधी बरणी कळली पाहिजे.

दही लावायला कालचं दही लागतं, तसंच या चीजचं आहे. दूध तांब्याच्या मोठ्या कढईत कोमट करायचं आणि त्यात कालच्या चीजची निवळी घालायची. निवळी म्हणजे दुधाचा गोळा काढून घेतल्यावर उरतं ते हिरवट पाणी. तेच विरजण. त्यानं दूध हळूहळू आंबायला लागलं की मग रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं औषध, घालून ते जमवायचं, तारांच्या चौकटीनं कापायचं, ढवळायचं, कापडात उचलून लाकडी साच्यात दाबायचं. आणि आज जी निवळी निघेल, तिच्यातली एक बरणी उद्यासाठी बाजूला काढायची. उद्याची परवासाठी. एक दिवस जरी खंड पडला तरी विरजण मरतं. विरजणाशिवाय केलेलं चाक (आम्ही चीजला चाकच म्हणतो, आकारानं तेवढं असतं) तळघरात महिनाभर नीट बसतं आणि मग फुगून फुटतं.

प्रत्येक घराचं विरजण वेगळं आणि घराच्या चीजची चव त्यातच. ते कुणी कुणाला देत नाही, कुणी कुणाकडे मागत नाही. कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण अकरा घरांपैकी कुणालाही विचारा, त्याचे डोळे पांढरे होतील. एखाद्या घराचं विरजण मेलं तर त्या घराचा विषय लोक आवाज खाली आणून काढतात. काकांचं विरजण त्यांच्या पणजीपासूनचं. पाहुणा आला की काका त्याला कोट काढायच्या आधी हे सांगायचे.

बरणी चिनी मातीची होती, पिवळसर, काठाला एक टवका उडालेला. ती रात्री चुलीपासून हातभर अंतरावर ठेवायची, माझ्या आजीच्या जुन्या लोकरी कोटात गुंडाळून. सकाळी काकू एक चमचा जिभेवर घ्यायची आणि डोळे मिटायची. “जिभेच्या कडेला चावलं पाहिजे,” ती म्हणायची, “मध्ये नाही.” मी कितीदा चाखून पाहिलं. मला ते सगळीकडेच चावायचं.

आता धाकटीबद्दल.

काकूला एकच बहीण, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तिला सगळे धाकटीच म्हणायचे, ती अठ्ठेचाळीस वर्षांची झाली तरी. ती दिली होती दूर बंदरावरच्या शहरात, इथून आधी बस, मग गाडी, असा दीड दिवसाचा रस्ता. तिथे ती शिवणकाम करायची. लहानपणी दोघी एका पलंगावर झोपायच्या, आणि धाकटीचे पाय बर्फासारखे गार असायचे ते ती काकूच्या पोटऱ्यांना लावायची, असं काकूनं मला निदान पन्नास वेळा सांगितलंय. धाकटीचं लग्न झालं त्याला काकू गेली होती. त्यानंतर दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही. इकडे बरणी. तिकडे आधी अंथरुणाला खिळलेला सासरा, तो गेल्यावर नवरा आजारी. दोघींचेही पाय निघाले नाहीत. पत्रं मात्र यायची, महिन्याला एक, आणि ती माझ्या हातून जायची.

धाकटीचं अक्षर तिच्या टाक्यांसारखं होतं, बारीक आणि सरळ. मग एका वर्षी मला ते जरा मोठं वाटलं. पुढच्या वर्षी पत्ता पाकिटाच्या बाहेर सांडायला लागला. ओळी उजवीकडे उतरायला लागल्या. मी काकूला म्हटलं, “हल्ली घाईत लिहिते वाटतं.” काकूनं पाकीट खिशात टाकलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, हे तिला कळलं होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या वर्षी पानं गळायला लागली तेव्हा एक पाकीट आलं. आत एक कागद, आणि कागदभर फक्त सहा शब्द, एकेक बोटाएवढा.

‘हिवाळ्याच्या आत ये. तोंड बघू दे.’

काकूनं तो कागद चीजघराच्या टेबलावर ठेवला आणि वर मिठाचा डबा ठेवला. दिवसभर ती मीठ घ्यायला डबा उचलायची आणि वाचायची. संध्याकाळी तिनं काकांना सांगितलं, “मी जाणार आहे. सहा दिवस.”

काका म्हणाले, “आणि बरणी?”

“तुम्ही सांभाळायची.”

काकांचा जबडा खाली आला तो बराच वेळ वर गेला नाही. माझे काका म्हणजे गाईंचा माणूस. सोळा गाई, प्रत्येकीचं नाव, प्रत्येकीची तब्येत तोंडपाठ. चाकं उचलायला, तळघरात फळ्यांवर फिरवायला, कढईखाली लाकूड सारायला एकदम पटाईत. पण बरणीला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. ते तिच्याशी असं वागायचे की जणू ती घरात आलेली कुणी मोठी बाई आहे.

मग आठ दिवस शिकवणी चालली. काकू चमचा पुढे करायची, काका डोळे मिटायचे.

“कडेला चावतंय का?”

“चावतंय.”

“कुठे?”

“जिथे तू म्हणशील तिथे.”

“अहो, मस्करी नको.”

“मस्करी नाही गं, भीती वाटतेय,” काका म्हणाले, आणि ते खरंच होतं.

तिनं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. बरणी कोटात. चुलीपासून एक हात. सकाळी चव. शेवटी मोठ्या अक्षरांत: कोमट. आणि सोमवारी सकाळच्या बसनं ती गेली. निघताना पावणेसहाची खिडकी तिनंच उघडली, बरणीवर एकदा हात ठेवला, मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू रोज येऊन बघ हं.” मला तिची दया आली आणि थोडा आनंदही झाला. सव्वीस वर्षांनी का होईना, बाई दाराबाहेर पडली होती.

सोमवार, मंगळवार, बुधवार व्यवस्थित पार पडले. बेकरीवाला म्हणाला खिडकी एक दिवस पाच मिनिटं उशिरा उघडली, तेवढंच. काकांची कॉलर ताठ झाली. बुधवारी पोस्टात येऊन ते मला म्हणाले, “उगाच बाऊ करून ठेवला होता हिनं. त्यात काही नाही.”

बुधवारी संध्याकाळी थंडी पडली. त्या वर्षातली पहिली कडक थंडी. काकांच्या मनात आलं, बरणीला थंडी वाजत असेल. आजारी वासराला करतात तसं त्यांनी सगळं केलं. आजीच्या कोटावर स्वतःचा कोट घातला. बरणी हातभर अंतरावरून वीतभर अंतरावर आणली. एवढ्यानं भागेना म्हणून दोन विटा तापवून दोन बाजूंना लावल्या. निष्काळजीपणा म्हणाल तर कणभर नाही. माया केली, आणि मायेनं विरजण शिजवलं.

गुरुवारी सकाळी मी चहाला गेले तर चहा नव्हता. कढईत दूध कोमट होऊन बसलेलं होतं आणि काका बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. त्यांच्या हातात चमचा होता. “तू बघ,” ते म्हणाले. मी चाखलं. उकळून गार केलेल्या पाण्यासारखं लागलं. कडेला नाही, मध्ये नाही, कुठेच चावत नव्हतं.

“कदाचित थोड्या वेळानं…” मी म्हटलं.

“मेलंय,” काका म्हणाले. “माझ्या पणजीनं लावलेलं. मी मारलं.” आणि साठीला आलेला तो धिप्पाड माणूस चमच्याकडे बघत रडायला लागला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग ते म्हणाले, “ती आता कधीच कुठे जाणार नाही गं. मी जाऊ दिलं, आणि हे झालं. ती परत त्या बहिणीचं नावसुद्धा काढणार नाही.”

विरजण गेल्याचं दुःख होतंच. पण खरी भीती ही होती. मलाही ती तेव्हाच पटली.

आता भिंतीपलीकडचीबद्दल सांगायला हवं. काकांच्या अंगणाला लागून शेजाऱ्यांचं अंगण, मध्ये कमरेएवढी दगडी भिंत. पलीकडचं घरही चीजवाल्यांचं. तिथली बाई काकूच्याच वयाची, नवरा बरीच वर्षं झाली गेलेला, एकटी सगळं करायची आणि जीभ म्हणाल तर कात्री. तिच्या छपराची पन्हळ काकूच्या लाकडांवर गळायची, यावरून दोघींचं वाजलं ते अकरा वर्षं वाजतच होतं. समोरासमोर बोलणं बंद. पण बोलल्याशिवाय तर दोघींनाही राहवत नव्हतं, म्हणून त्या भिंतीवर बसलेल्या पिवळ्या मांजरीला सांगायच्या. “मांजरे, सांग तुझ्या मालकिणीला, माझी लाकडं भिजली.” “मांजरे, सांग त्या बाईला, लाकडं आत ठेवायची असतात.” मांजर दोघींचं ऐकून घ्यायची आणि कुणाचंच सांगायची नाही.

काका उठले. डोळे पुसले. “ऐंशी लिटर दूध वाया जाऊ देणार नाही,” म्हणाले, पण मला वाटतं त्यांना दुधाशी काही देणंघेणं नव्हतं. ते भिंतीपाशी गेले, मी मागे. पलीकडची अंगणात दुधाचे डबे विसळत होती.

“वहिनी,” काका म्हणाले, आणि भिंतीवर दोन्ही हात टेकले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आमच्या चीजघराच्या उघड्या दाराकडे. एक अक्षर विचारलं नाही. हात पुसले, आत गेली आणि एक मग भरून घेऊन आली. पांढरा इनॅमलचा मग, निळ्या काठाचा, कानाजवळ टवका उडून काळा पडलेला. भिंतीवरून तिनं तो दोन्ही हातांनी काकांकडे दिला.

“कोमट ठेवा भावोजी, गरम नको. आणि हा मग परत द्यायची घाई नाही.”

“वहिनी, हे कुणाला…”

“कुणाला नाही सांगणार. मला सवय आहे,” ती म्हणाली आणि डबे विसळायला बसली.

कसली सवय, हे मला तेव्हाच विचारावंसं वाटलं होतं. पण काका तो मग घेऊन असे चालले होते की त्यांच्या हातात तान्हं मूल आहे, आणि मी दार उघडायला पळाले.

दूध आंबलं. चाक झालं. शुक्रवारचं झालं, शनिवारचं झालं. काका मात्र वाळत गेले. तीन दिवसांत त्यांनी माझ्याशी शंभर वेळा ठरवलं की सांगायचं, आणि शंभर वेळा ठरवलं की नाही सांगायचं. सांगितलं तर ती परत जाणार नाही. नाही सांगितलं तर तिला जिभेवर कळेलच, आणि मग ती परत जाणार नाही, वर बोलणारही नाही. मग मी कंटाळून म्हटलं, “काका, तुम्ही गप्प बसा आणि नशिबात असेल ते होऊ द्या.” गप्प बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, हा भाग वेगळा.

शनिवारी संध्याकाळच्या बसनं काकू आली. मी तिची पिशवी घ्यायला गेले. ती दमली होती, पण चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं, असं मला वाटलं. ती गप्पा मारत नाही एरवी, पण बसथांब्यापासून घरापर्यंत मला समुद्राबद्दल सांगत होती, की तो गप्प बसतच नाही, रात्रभर काही ना काही चाललेलं.

घरात आल्यावर तिनं शाल काढली आणि सरळ चीजघरात गेली. काका चुलीपाशी उभे, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. काकूनं बरणी उघडली, चमचा बुडवला, जिभेवर घेतला. डोळे मिटले. डोळे उघडून ती चमचा ठेवायला वळली, आणि तिला खुंटीला लटकवलेला मग दिसला. काकांनी तो धुऊन पुसून ठेवला होता, परत द्यायचा म्हणून, आणि लपवायचं विसरले होते.

काकू मगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तिनं हा अजून जपून ठेवलाय म्हणायचा.”

मी म्हटलं, “अजून म्हणजे?”

काकू बसली. दुधाच्या रिकाम्या डब्यावर, बाहेरचे बूटही न काढता. आणि तिनं जे सव्वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

धाकटीच्या लग्नाला ती गेली तेव्हा काका वरच्या कुरणात गाईंबरोबर होते, उन्हाळाभर. घरी माझी आजी, तिची सासू. बरणी आजीवर सोपवली होती. आणखी कुणावर सोपवणार? त्या बाईनं चाळीस वर्षं ती सांभाळली होती. “मी परत आले,” काकू म्हणाली, “तर बरणी अंगणात पालथी. उन्हात. सासूबाईंनी ती घासून पुसून लखलखीत केली होती. मी येणार म्हणून. मला हाताला धरून घेऊन गेल्या. ‘बघ, कशी चकचकीत केली.’ त्यांचं विसरायला तेव्हाच लागलं होतं, आपल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना काय सांगणार मी? तुमच्याच हातानं गेलं म्हणून सांगू?”

“मग?” काका म्हणाले.

“मग काय. भिंतीपाशी गेले. तीही तेव्हा नवीनच होती लग्न होऊन. तिनं याच मगात भरून दिलं.”

मला ती पन्हळ आठवली, ती मांजर, ती अकरा वर्षांची भांडणं. तेवढ्या भांडणांत एकदा तरी त्या बाईच्या तोंडून निसटायला हवं होतं. नुसतं एवढं म्हणाली असती, की बाई, तुझ्या बरणीत काय आहे ते मला माहीत आहे, तर काकूचं तोंड कायमचं बंद झालं असतं. ती मांजरीलासुद्धा बोलली नव्हती.

आणि मग मला राग आला. आवरलाच नाही. “म्हणजे तुला माहीत होतं,” मी म्हटलं, “की मेलं तरी शेजारचा मग आहे. सव्वीस वर्षं माहीत होतं! मग जायचंस ना, काकू! दर वर्षी जायचंस! कशासाठी बसून राहिलीस?”

“अगं हळू,” काका म्हणाले.

“बोलू द्या तिला,” काकू म्हणाली. मग हातांकडे बघत बोलली. “मी एक रात्र बहिणीच्या लग्नात नाचले आणि चार पिढ्यांचं गेलं. मला तसंच वाटलं. परत जायचं म्हटलं की ती पालथी बरणी डोळ्यांसमोर यायची. आणि लोक म्हणायचे, पावणेसहा कधी चुकत नाही. ते मी ऐकून घेत होते. आत खोटं होतं ना. म्हटलं, निदान न चुकण्याचं तरी खरं करावं.”

“मला सांगायचंस,” काका म्हणाले.

“तुम्ही गावभर केलं असतंत.”

काकांनी मान डोलावली, कारण केलंच असतं.

मी विचारलं, “आणि धाकटी? दिसलीस का तिला?”

काकूचा चेहरा बदलला. धाकटीला आता फक्त सकाळी, खिडकीतून ऊन आत येतं तेवढा वेळ दिसत होतं, आणि तेही कडेनं. मधोमध काळा ठिपका. समोर बघितलं की समोरचं माणूस नाहीसं. म्हणून ती काकूच्या कानाकडे बघायची, तेव्हा तिला काकूचं तोंड दिसायचं. “तीन सकाळी आम्ही खिडकीत बसलो,” काकू म्हणाली. “ती माझ्या कानाकडे बघतेय आणि मी तिच्याकडे. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘केवढी म्हातारी झालीस गं!’ आणि हसायलाच लागली. मी म्हटलं, लग्नातलं माझं रूप लक्षात ठेव की. तर म्हणाली, ‘ते पाठ आहे. हे बघायला बोलावलंय.’”

मग ती थांबली आणि म्हणाली, “तीन सकाळी. दर वर्षी गेले असते तर केवढ्या झाल्या असत्या.” आणि रडली. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. काका तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनी तिचे बूट काढले. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही, नंतर तो कधी परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी काकूनं मग भरला, आमच्या निवळीनं. काठोकाठ. भिंतीपाशी गेली. मांजर होती, पण काकूनं तिच्याकडे बघितलं नाही. “घे,” ती पलीकडचीला म्हणाली.

“मला कशाला? माझंच आहे ते.”

“असू दे. तुझं मेलं तर?”

“आमच्याकडे नवऱ्यांच्या हातात देत नाहीत,” पलीकडची म्हणाली. पण मग घेतला, आणि आत नेऊन ठेवला. त्यानंतर पन्हळीवरून दोघी परत भांडल्या, फक्त आता समोरासमोर. मांजरीला बरंच निवांत झालं.

काकू परत जाईल असं काका रोज म्हणायचे. “जा ना, मी आता शिकलोय,” म्हणायचे. काकू म्हणायची, बघू. दिवस गेले. बर्फ पडलं. रस्ता बंद झाला, उघडला. खिडकी पावणेसहाला वाजत राहिली, आणि मला पुन्हा धास्ती वाटायला लागली की बाई बसली ती बसली. आता धाकटीला दिसणार नाही, मग जाऊन काय करायचं, असं ती मनात म्हणत असेल. तिनं तसं म्हटलं नाही कधी, पण मी तिला ओळखते.

हिवाळा सरता सरता एक पाकीट आलं. पत्ता दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात होता, नीट, शेजारच्या मुलीचा असावा. मी ते घेऊन पोस्ट बंद करून गेले. काकू चाकांना मीठ चोळत होती. हात धुतले, पाकीट फोडलं.

आतला कागद धाकटीचा होता. तिला आता ओळ दिसत नव्हती, मागचा शब्दही दिसत नव्हता. तिनं अक्षरावर अक्षर लिहिलं होतं, वर, खाली, आडवं, एकात एक गुंतलेलं, सगळा कागद काळा. मी उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला. मला एक शब्द लागला नाही. काकांनी चष्मा लावून पाहिला आणि मान हलवली.

“काही वाचता येत नाही गं काकू,” मी म्हटलं. “मी तिथल्या पोस्टाला फोन करते. कुणाला तरी तिच्याकडे पाठवून विचारून घेऊ, काय लिहिलंय.”

काकूनं कागद घेतला. खिडकीपाशी गेली. सरळ समोर न बघता तिनं मान जराशी वळवली, कागदाच्या कडेकडे बघितल्यासारखं केलं. बराच वेळ उभी राहिली.

“विचारायचं काय त्यात,” ती म्हणाली. “एकच शब्द आहे. ‘ये’ लिहिलंय. सगळीकडे तेच लिहिलंय.”

तिनं कागदाची घडी करून खिशात ठेवली, राहिलेल्या दोन चाकांना मीठ चोळून संपवलं, आणि खुंटीवरची पिशवी काढली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती गेली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी रस्त्यानं चहाला येत असताना, पावणेसहाची खिडकी खाड्‌कन वाजली. आतून वाफ आली आणि पाठोपाठ पलीकडचीचा आवाज:

“भावोजी, कोमट म्हटलं होतं, कोमट!”